मोठेबाबांच्या पाच जागा

...आणि वर मलाच विचारतात, "छकुले, तुले कायची घाई हाये?" मला कायची घाई! तुम्हाला सांगते, मी तेवीस वर्षांची, बीसीए झालेली, सर्टिफिकेटवर स्वच्छ संजीवनी असं नाव छापलेलं, तरी अमडापुरात पाय ठेवला की मी छकुली, आणि समोर आमचे मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, दयाराम नाव, मांडीवर लॅपटॉप, पाठ ताठ, दहाही बोटं आपापल्या जागी... टक टक टक टक, आणि मध्येच तोंडानं, "टिंग". मग एंटर. पुन्हा टक टक टक टक... "टिंग". एंटर.

आता हे "टिंग" काय, तर घंटी. टाइपरायटरला असायची ना, ओळ संपत आली की वाजायची, मग दांडा ओढायचा, कागद एक घर वर, नवी ओळ सुरू. मोठेबाबांनी चिखलीला बसस्टँडच्या मागे एकतीस वर्षं टायपिंगचा क्लास चालवला. तालुक्यातले निम्मे कारकून त्यांच्या हातून पास झालेत, अजून रस्त्यात भेटले की नमस्कार करायच्या आधी पाठ ताठ करतात. क्लास बंद झाला, मशिनी भंगारात गेल्या, पण घंटी काही भंगारात गेली नाही, ती ह्यांच्या डोक्यात शिल्लक राहिली. किती वेळा सांगितलं असेल मी, "मोठेबाबा, एंटर दाबू नका हो, ओळ भरली की कॉम्प्युटर आपोआप खाली जातो."

"आपोआप? त्याले कसं समजते माही ओळ संपली म्हून?"

"समजतं त्याला."

"परीक्षा पास हाये का तो?"

आणि लगेच टिंग. एंटर.

बरं, टाइप काय करत होते, तर कोडी. आमच्या गल्लीच्या टोकाला झुंबरबाई राहतात, वय शहाऐंशी, दात दोन आणि कोडी तीनशे चाळीस. मांडवात नवरदेवाला अडवून घालायची कोडी, शेतात निंदणाच्या पातीला बायकांनी एकमेकींना घालायची कोडी, सासूनं नव्या सुनेला भाकरी वाढायच्या आधी घालायची कोडी... म्हणजे जेवायचं सोडून पोरीनं आधी डोकं खाजवायचं. मोठेबाबा दोन वर्षं रोज सकाळी त्यांच्या अंगणात जाऊन बसले. बाई सांगणार, हे तिथंच टाइप करणार. वही नाही, कागद नाही, रेकॉर्डिंग नाही. मी म्हटलं, मोबाईलवर आवाज तरी भरून घ्या, तर म्हणे, "माहा हात तिच्या तोंडाच्या मांगं राह्यत नाही." आणि खरंच नाही राहत हो, मी पाहिलंय. बाईंच्या तोंडातून शब्द निघतो न निघतो तोच पडद्यावर. ह्या बाबतीत मानलं आपण त्यांना.

फक्त मधल्या मधे बाई विसरायला लागल्या. कोडं बरोब्बर सांगायचं, आणि मग मोठेबाबांच्या तोंडाकडे पाहायचं, "याचं उत्तर काय व्हतं रे, बापा?" एवढं कोडं सांगून पुन्हा उत्तर दुसऱ्याला विचारायचं... हसू येतं आणि येतही नाही. म्हणून घाई होती, कळलं? मला नव्हती, झुंबरबाईंना होती. दर गुरुवारी काठी टेकत आमच्या ओट्यावर यायच्या, "मी हाओ तवर पुस्तक दाखवजो रे, दयाराम."

तर शेवटी फाइल तयार झाली आणि चिखलीला जाकीरभाईंच्या प्रेसला दिली. जाकीरभाई म्हणाले होते, सजावट नको, नुसता साधा मजकूर आणा. मीच काढून दिला तो, पेनड्राइव्हवर. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला त्यांचा फोन.

"संजू बेटा, ये क्या भेजा तुमने? ओळी अर्ध्यातूनच तुटून राह्यल्या. पान पाहा त कंगव्यासारखं. एक दात लंबा, एक छोटा. आज चारपर्यंत दुरुस्त करून आणा, उद्यापासून लग्नाच्या पत्रिका लागल्या मशीनवर, मग दोन महिने भूल जाओ."

मला माहीतच होतं! टिंग. एंटर. टिंग. एंटर. दोन वर्षं दाबलेले सगळे एंटर साध्या मजकुरात जसेच्या तसे उतरले होते, आणि जाकीरभाईंचं पान रुंद, मोठेबाबांची ओळ अरुंद, मग कंगवा होणार नाही तर काय होणार? मोठेबाबा म्हणाले, "थांब, मी येतो, पाहून घेऊ एकेक." एकेक! मी म्हटलं, तुम्ही बसा, दोन मिनिटांचं काम आहे. आणि तुम्हाला सांगते, खरंच दोन मिनिटांचं होतं. शोधा आणि बदला. शोधायचं काय, एंटर. बदलायचं कशात, एका मोकळ्या जागेत. सगळे बदला. पडद्यावर आलं, चार हजार एकशे सतरा बदल झाले. मी लगेच सेव्ह केलं, त्याच नावानं, मूळ फाइलवरच, पेनड्राइव्हवर जुनी होती तिच्याही वर, सगळं बंद, लॅपटॉप बॅगेत, आणि साडेअकराच्या बसनं चिखली. वाटेत मनातल्या मनात मोठेबाबांना भाषण देत होते मी, नव्या जमान्याबद्दल.

जाकीरभाईंनी फाइल उघडली. चष्मा वर केला. खाली केला.

"बेटा, याच्यात कोडं कुठं हाये आणि उत्तर कुठं हाये?"

मी वाकून पाहिलं. अख्खं पुस्तक म्हणजे एक परिच्छेद. कोडं, त्याला चिकटून उत्तर, त्याला चिकटून ते कोडं कोण कोणाला घालतं त्याची माहिती, तिच्या मागे पुढचं कोडं... तीनशे चाळीस कोडी एकाच दमात. "दिवसभर उभा, कोणाले न बोले, पाखरं भेतात, वाऱ्यानं डोले बुजगावणं हे कोडं राखणीले..." संपलंच कोडं! कंगव्याचे वाकडे दात काढायला गेले, तर कंगवाच गुळगुळीत करून आणला मी. कारण नको ते एंटर गेले तसे हवे तेही गेले. कॉम्प्युटरला काय कळतं, कुठला एंटर घंटीचा आणि कुठला कोड्याचा? मोठेबाबा विचारत होतेच ना, परीक्षा पास हाये का तो? त्याचं जाऊ द्या, मी होते ना पास!

जुनी फाइल? माझ्याकडे नाही, आणि जाकीरभाईंनी उतरवून घेतलेली कंगवा म्हणून सकाळीच पुसून टाकलेली. कागद? नाही. पुन्हा विचारावं, तर झुंबरबाईंकडे निम्मी उत्तरं नाहीत. वाजले होते साडेबारा. जाकीरभाईंनी चहा मागवला, आणि म्हणाले, "रो मत, पहले चाय पी ले." मी म्हटलं, मी रडत नाहीये. चहा खारट लागला, ती गोष्ट वेगळी.

मग हातानं सुरू केलं. वाचायचं, उत्तर ओळखायचं, एंटर मारायचा. अर्ध्या तासात अकरा कोडी. ह्या वेगानं लग्नसराई संपून बारशी आली असती. आणि बारावं करताना माझ्या लक्षात आलं, की कोड्याच्या आधी थोडी फट दिसतेय. म्हटलं असेल. पुढच्या कोड्याच्या आधीही तेवढीच. मी बाणाची कळ दाबत मोजलं... एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. दुसरीकडे मोजलं, सहा. माहितीच्या आधी, सहा. उत्तराच्या आधी मोजलं, अकरा. दुसऱ्या उत्तराच्या आधी, अकरा!

कळलं का तुम्हाला? पाच आणि दहा त्यांच्या. वरची एकेक माझी, मी एंटरच्या जागी टाकलेली.

मोठेबाबांच्या क्लासात भिंतीवर पाटी होती, नवा मजकूर सुरू करताना पाच जागा सोडाव्यात, आत घ्यायचं असेल तर दहा. मशिनीवरची शिस्त. लॅपटॉपवर तिची काही गरज नाही, मी त्यासाठीही बोलले होते त्यांना, "कशाला स्पेसबार झिजवता?" आणि त्या माणसानं दोन वर्षं, उन्हात, अंगणात, शेळ्या बें बें करतायत, बाई मध्येच तमाखू मळतायत, तरी दर कोड्याला पाच आणि दर उत्तराला दहा मोजून सोडल्या होत्या. माझ्याच्यानं सलग दहा मिनिटं झालं नसतं हो.

आधी अकरा शोधल्या. हो, आधी अकराच, नाहीतर सहाच्या शोधात अकराचे तुकडे झाले असते, एवढी अक्कल त्या अर्ध्या तासात आली होती. आणि ह्या वेळी आधी फाइलची प्रत काढली, दोन प्रती काढल्या, एक जाकीरभाईंना मेल केली. अकराच्या जागी एंटर आणि थोडी आत घेतलेली ओळ. मग सहाच्या जागी नुसता एंटर. सगळे बदला... आणि पान असं उलगडलं, जसं कोणी चुरगळलेलं लुगडं दोन टोकांना धरून झटकावं. कोडं, उत्तर, माहिती. कोडं, उत्तर, माहिती. जाकीरभाई खुर्चीतून उठले. "या अल्ला, ये आदमी है के मशीन?"

तीनशे चाळिसात एकच उत्तर जरा बाहेर डोकावत होतं. दोनशे बारावं.

साडेतीनला मोठेबाबा आले, राहवलं नसणार. मी सगळं सांगून टाकलं. म्हटलं, मी तुमचे सगळे एंटर काढले, आणि वाचलं ते तुमच्या जागांमुळे. ते पडद्यापाशी वाकले.

"जागा मोजल्या तू?"

"हो. दोनशे बाराला एक कमी आहे. दहाच्या नऊ."

"हाव. त्या दिवशी शेळीनं वायर ओढली." मग माझ्याकडे पाहून, "जागा चुकली का अर्धा मार्क कापत व्हतो मी. एवढा एक कापून घे माहा."

चारला दहा मिनिटं कमी असताना मशीन सुरू झालं.

पुस्तक आलं तेव्हा झुंबरबाईंनी ते हातात घेतलं, उलटं, आणि वजन पाहिलं. "एवढ्यातच मावली का रे सारी?" मग मला म्हणाल्या, "सांग पोरी, दिवसभर उभा, कोणाले न बोले..." मी म्हटलं, तुम्हीच सांगा. त्या शोधत राहिल्या, शोधत राहिल्या, आणि हळूच म्हणाल्या, "काय व्हतं ते, पाह्य बरं त्याच्यात." मी पान काढलं आणि वाचलं, "बुजगावणं." दोन्ही दात दाखवून हसल्या. "हाव, तेच."

आता मोठेबाबांनी दुसरा भाग काढलाय. देऊळघाटच्या खैरुन्निसा खालांची कोडी. काल मी सोबत गेले होते. खाला सांगतायत, हे टाइप करतायत, टक टक टक टक... "टिंग". एंटर. माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं सगळं, ओळ आपोआप, कॉम्प्युटर, नवा जमाना... गिळलं. फक्त वाकून हळूच विचारलं, "मोठेबाबा, पाच जागा सोडल्या ना?"

त्यांनी बोटं न थांबवता माझ्याकडे पाहिलं.

"मंग? मी का तुह्यासारखा कॉलेजात शिकलो?"