भिंतीआधी दार

भाचा : आत्या, मी तुला पत्रे आणायला सांगितले होते. सिमेंटच्या गोण्या आणायला सांगितल्या होत्या. तू हे काय आणलंस?

आत्या : दार. गवंडी आहेस ना? ओळखता येत नाही?

भाचा : ओळखतो गं. पण लावायचं कशाला? पुढची भिंत पुरानं नेली. छप्पर अर्धं उरलंय. हवेला कोणी दार लावतं का?

आत्या : तीन भिंती आहेत की. पुढे तू ताडपत्री बांधलीस, तिच्या मधोमध दोन खांब रोव आणि बसव.

भाचा : लोक हसतील. म्हणतील, गवंड्याच्या आत्याचं घर बघा, भिंतीचा पत्ता नाही आणि दार केवढं!

आत्या : हसू देत. महिनाभर इथे कुणाला हसायला काही मिळालेलं नाही.

भाचा : मदतीचे सगळे पैसे घातलेस यात?

आत्या : सगळे कुठे? कडी वेगळी घेतली. पितळी आहे बघ.

भाचा : पितळी! वा! अगं, इस्त्री तरी घ्यायचीस. तुझी इस्त्री गेली, टेबल वाहून गेलं. लोकांचे कपडे कशावर करणार? या दारावर?

आत्या : बरं सुचवलंस. रुंद आहे, चादरसुद्धा बसेल.

भाचा : चोर ताडपत्री उचलून आत येईल, तेव्हा कळेल.

आत्या : येऊ दे बापड्याला. आत न्यायला आहे काय? रिकाम्या हातानं निघाला तर मीच चहा पाजीन.

भाचा : तुझ्याशी बोलणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं आहे.

आत्या : आपट की. कुठल्या भिंतीवर आपटतोस ते आधी दाखव.

ताई : मावशी, येऊ का? मी मदत केंद्रातून आले. मिळालेल्या पैशांचं काय घेतलंत, त्याची पाहणी चाललीये.

भाचा : घे. आता सांग यांना.

आत्या : ये पोरी, त्या विटांवर बस. विचार काय ते.

ताई : धान्य?

आत्या : तुमच्याकडूनच येतंय.

ताई : भांडी?

आत्या : शेजारणीची आहेत. तिची पातेली, माझी चूल.

ताई : छपराची दुरुस्ती?

आत्या : नाही. दार.

ताई : दार? दाराचा रकानाच नाहीये. किरकोळमध्ये टाकते.

आत्या : किरकोळ? उचलून बघ एकदा!

ताई : मावशी, राग मानू नका. पण हे पैसे अगदी गरजेच्या गोष्टींसाठी होते. लोकांनी मोठ्या मनानं दिलेत. आधी छप्पर करायला हवं होतं.

भाचा : का हो? आधी छप्परच का?

ताई : तुम्हीच आत्ता तेच म्हणत होतात! रस्त्यापर्यंत ऐकू येत होतं.

भाचा : मी तिचा भाचा आहे, मी शंभरदा म्हणेन. तुम्ही कोण म्हणणार?

ताई : मी फक्त सुचवतेय.

भाचा : पहिल्या पगारातून काय घेतलंत, मॅडम?

ताई : त्याचा इथे काय संबंध?

भाचा : सांगा तर.

ताई : सँडल. लाल.

भाचा : गरजेच्या होत्या?

ताई : चावायच्या. दोनदाच घातल्या. पण तो माझा पगार होता, मी कमावलेला!

आत्या : मग हे मी काय फुकट मिळवलेत? अख्खी भिंत देऊन मिळवलेत, पोरी.

ताई : बरं, चुकले. पण दारच का? मला कागदावर काहीतरी लिहायला हवं.

आत्या : शाळेच्या हॉलमध्ये तेवीस दिवस होतो आम्ही. चाळीस माणसं. चांगली हो, कुणालाही नावं ठेवायला जागा नाही. मी जरा तोंड पाडलं की एक पाणी आणायची, दुसरी पाठीवरून हात फिरवायची, तिसरी स्वतःच हुंदके द्यायला लागायची. मग मीच तिची समजूत काढायची. त्यात माझं आपलं राहूनच गेलं.

भाचा : काय राहून गेलं?

आत्या : रडायचं रे.

भाचा : आत्या...

आत्या : इथे आले, तर येणारा-जाणारा ताडपत्री वर करून डोकावतो. कशा आहात, विचारतो. बरी आहे म्हणावं लागतं. आज सकाळपासून सात वेळा बरी झालेय मी.

ताई : आणि मावशी, रडायचंय कशासाठी?

आत्या : ते आत गेल्यावर ठरवीन. बरंच साठलंय.

भाचा : मॅडम, कागद ठेवा बाजूला. हा खांब धरा. असा नाही, सरळ. आत्या, पहार कुठे ठेवलीस?

(तासाभरानंतर. दार उभं राहिलं आहे. भाचा बाहेर विटांवर बसला आहे. आतून कडी लावल्याचा आवाज.)

ताई : अहो, त्यांची सही राहिली!

भाचा : राहू दे.

ताई : हाक मारू का?

भाचा : नको.

ताई : आतून आवाज येतोय.

भाचा : मला नाही आला. तुम्हालाही नाही आला.

ताई : किती वेळ लागेल?

भाचा : काय सांगू? दार पक्कं बसलंय, एवढंच माझ्या हातात होतं.

ताई : माझी अजून नऊ घरं व्हायचीत... सरका जरा. मलाही बसू द्या.