पट्ट्यात खोचलेलं हॅन्डल

नाही, आधी गहू घ्या. एक चमचा. गोड आहेत, आईने उकडून अक्रोड घातलेत — नको म्हणू नका, माझ्या भावाला जाऊन आज चाळिसावा दिवस आहे, आलेला माणूस हे तोंडात घातल्याशिवाय बसत नाही, आणि तुम्ही तर थेट त्याच्या खुर्चीत बसलात. — बसा हो, उठू नका. ओब्रादची खुर्ची. तुमचा लॅपटॉप ठेवलाय ना, तिथे आमची स्क्रीन होती. मी फोडली. ह्यानेच. — हात लावू नका त्याला! असू दे टेबलावर. मक्याच्या टाकीची झडप उघडायचं हॅन्डल आहे ते. तुमच्या बेलग्रेडच्या ऑफिसात असलं काही नसेल. तुमच्या आधी सिस्टीम विकायला यायचा तोही बेलग्रेडचाच. लाल मोजे घालायचा, आम्ही त्याला लालमोजेच म्हणायचो. ह्या हॅन्डलने त्याचा हात मोडला मी. कोपराच्या खाली. काडकन वाजला, वाळलेलं कणीस मोडावं तसा. मामाने सांगितलं नाही तुम्हाला? नुसतं "या, नवीन सिस्टीम घ्यायचीय" एवढंच? — वाटलंच. खरं सांगितलं असतं तर कोण आलं असतं.

दाराकडे काय बघताय सारखं, उघडंच आहे. गाडीची किल्ली माझ्याकडे आहे, पण ती तुम्ही गाडी वजनकाट्यावर लावलीत म्हणून. ट्रॅक्टर खोळंबले होते, मी बाजूला घेतली. देईन. दाखवून झालं की देईन. आम्हाला सिस्टीम घ्यावीच लागणार, ते मला कळतं — आमचा मका घेणारा कारखाना आता कागदाची पावती घेत नाही, सगळं कॉम्प्युटरवरून मागतो, आणि नवीन पीक दारात आलंय. ह्या आठवड्यात ठरलं नाही तर ट्रॅक्टर पलीकडच्या गावात जातील आणि आम्ही रिकाम्या टाक्या बघत बसू. तेव्हा दाखवा.

हं. हे काय, हिरवा चौकोन? दाबला की माल सुटतो? — बंद करा. बंद कर म्हणतो ना! हिरवं नको. निळं करा, पिवळं करा, हिरवं मला दाखवू नका. — सांगतो. ओब्रादने तीन जणांच्या सिस्टीम बघितल्या होत्या. एकीत नुसती अक्षरं, मुंग्या सांडल्यासारखी. दुसरीचा माणूस फोनच उचलायचा नाही. शेवटी त्याने लालमोजेची घेतली, ती का माहिताय? रंगांसाठी. माझ्यासाठी. मी शाळेतून पळालो तो परत गेलोच नाही. वाचता येतं मला, पण ओळ संपेपर्यंत तिची सुरुवात विसरलेलो असतो. ओब्राद म्हणाला, "तिमा, तुझ्यासाठी घेतली रे गाढवा. हिरवं म्हणजे दे, लाल म्हणजे थांब. आता तूही साहेब." आणि टपली मारली डोक्यात, सगळ्यांसमोर. लालमोजे म्हणाला, ही तर तुमचं कोंबडंसुद्धा चालवेल, आणि सगळे माझ्याकडे बघून खिदळले. मला राग आला — मला लगेच येतो — पण आतून बरं वाटलं होतं. माझ्यासाठी कुणी कधी काही निवडलं नव्हतं.

हे हॅन्डल उचला. आता उचला. जड आहे ना? टाकीच्या खाली एक चाक आहे, त्यात हे बसवून फिरवलं की झडप उघडते. मका आत चिकटतो, वरून पापुद्रा धरतो, मग कुणीतरी आत उतरून तो लोखंडी कांबेने फोडायचा. उतरणारा हे हॅन्डल काढून पट्ट्यात खोचून न्यायचा. बस. कुणाला सांगायचं नाही, विचारायचं नाही. चाकाला हॅन्डल नाही म्हणजे आत माणूस आहे. आजोबांपासून असंच. सिस्टीम आली तेव्हा झडपेला मोटर लागली, बटण इथे ऑफिसात आलं. पण चाक तसंच राहिलं, हॅन्डलही तसंच राहिलं, आणि ओब्राद उतरताना ते तसंच खोचून न्यायचा.

त्या दिवशीही नेलं. — मका पाण्यासारखा नसतो हो. पाण्यात हात तरी मारता येतात. मका खाली सुटला की गुडघे धरतो, मग कंबर, आणि मग जितका धडपडाल तितका आत ओढतो. आम्ही टाकीचा पत्रा कापला. कटरच्या ठिणग्या माझ्या दाढीत पडत होत्या. ओब्राद बाहेर आला तो मक्याबरोबर घसरत आला, पाय आधी. तोंडात मका, नाकात मका. डॉक्टरने घशातले दाणे चिमट्याने काढून बशीत टाकले, टिंग टिंग वाजत होते — आणि एक हात ह्या हॅन्डलवर आवळलेला. बोटं सुटेनात. मीच सोडवली, एकेक. मला रोज तेच येतं डोळ्यांसमोर, की शेवटी त्याच्या मनात काय आलं असेल. त्याला वाटलं असेल, हॅन्डल तर माझ्याजवळ आहे. मग उघडलं कुणी?

लालमोजे अंत्यविधीला आला. फुलं घेऊन, सम संख्येत, रिवाज पाळून. स्मशानाच्या फाटकातच धरला मी. आधी जबडा, मग हात. पाद्रीसाहेब मध्ये पडले तर त्यांनाही ढकललं. त्याने तक्रार नाही केली. नुसता रक्त थुंकत बसला आणि बाबांकडे बघत म्हणाला, "जिवको, मी सांगितलं होतं."

काय म्हणालात? हॅन्डल जागेवर नसलं तर बटण चालणारच नाही — असं करता येतं? — येतं. बरं. चाकाला एक वेगळा भाग बसवायचा. हवा असला तर.

हवा असला तर.

ऐकलेत मी हे शब्द. ह्याच टेबलावर. तो लॅपटॉप सरकवा जरा — तो खळगा दिसतोय लाकडात? ओब्रादने पट्ट्यातलं हॅन्डल उपसून तिथे आपटलं होतं. "तुझा भाग नको, लालमोजे, आमच्याकडे हा आहे!" तो म्हणाला, ऐक माझं, हा घ्याच. बाबा म्हणाले, "अरे, हे हॅन्डल तुझ्या कंपनीपेक्षा म्हातारं आहे." काय हसलो आम्ही. त्याला राकिया पाजली, परत पाजली, आणि शेवटी तोही हसला आणि त्याने करारातली त्या भागाची ओळ खोडली. — नाही. नाही, त्याचा हात मोडला ते बरंच केलं. काहीतरी मोडायचंच होतं मला. बाबांचा हात तर मोडता येत नाही ना.

काय बघतोस? मी काय म्हणालो? काही म्हणालो नाही. झडप आपोआप उघडली, सिस्टीमचा दोष, पोलिसांना तेच सांगितलंय, मामाला तेच, आईला तेच. तू गावात जाऊन तोंड उघडलंस तर ह्या टेबलाला दुसरा खळगा पडेल, तुझ्या डोक्याचा, कळलं? — घाबरू नका. ठेवलं बघा खाली. — काट्यावर ट्रक उभा होता, ड्रायव्हर सारखा हॉर्न वाजवत होता, आणि इथे हिरवं लुकलुकत होतं. बाबांनी आयुष्यभर झडप उघडण्याआधी चाकाकडे बघितलं हो. एकदाही चुकले नाहीत. पण ह्या खिडकीतून चाक दिसत नाही. बघा, वाकून बघा — दिसतं? बटण दाबून ते पावती द्यायला बाहेर गेले, तर टाकीतून ठक, ठक. ड्रायव्हर म्हणाला, "जिवको, मका आहे का दगड?" बाबा म्हणाले, "गठ्ठे पडताहेत." हे मला त्यांनी एकदाच सांगितलं. नंतर बोललेच नाहीत, कुणाशीच.

तुमची सिस्टीम घेऊ. तो भाग आधी बसवा, बाकी सगळं नंतर. पण मालकांना बोलवा, त्यांनी एकदा दाबून बघावं, असं आता म्हणालात तसं परत म्हणायचं नाही. मी दाबीन. मला शिकवा, रंग बदला आणि मला शिकवा. बाबा त्या खुर्चीत—

थांबा.

ऐकू येतंय? ठक, ठक. बाबाच आहेत. टाकी रिकामी आहे, कापलेला पत्रा अजून तसाच उघडा आहे, आरपार दिसतं, तरी ठोकतात. दोनदा ठोकायचं आणि पत्र्याला कान लावून उभं राहायचं. — ही घ्या किल्ली. मागच्या वाटेने जा, टाकीसमोरून नको. फाटकात ट्रॅक्टर आडवा असला तर उभे राहा, तो हलेल. हॉर्न वाजवू नका.

वाजवू नका म्हटलं ना. ते ऐकताहेत.