चीजला गावाचं नाव

दवाखान्याच्या बाकावर सुजलेली दाढ धरून बसलेल्या शिंप्याच्या शेजारी दोघे भाऊ बसले होते. दोघांच्याही कपड्यांना चीजचा वास येत होता.

"दादा, सरकारचा तिकडच्या देशाशी व्यापार करार झाला. आपल्या गावाचं नाव गेलं."

"कुठे गेलं?"

"समुद्रापलीकडे. आपलेच लोक तिकडे जाऊन त्याच नावाचं गाव वसवून बसले ना? आता चीजवर ते नाव फक्त त्यांनी छापायचं."

"गिऱ्हाईक तर नाव बघूनच घेतं रे. बदल्यात काय मिळालं?"

"त्यांनी आपल्या मोटारींवरचा कर उतरवला."

"आपण मोटारी करतो?"

"नाही."

"'त्या गावासारखं चीज' असं लिहू."

"तेही चालत नाही म्हणे."

"अरे, पण आपण त्याच गावात राहतो."

"सांगितलं मी. सरकारी साहेब म्हणाले, राहायला हरकत नाही. फार तर गावाचं नाव बदला आणि नव्या नावाने खुशाल विका."

"मग?"

"उद्या बैठक आहे गावात. नवीन नाव सुचव एखादं."



"जरा वाईटच ठेवा. चांगलं ठेवलंत तर पुढच्या करारात तेही देऊन टाकतील."