वॉल्व्हातल्या अक्षता

मी बोलले ते कुणाला पटलंच न्हाय. बाईला ट्रकातलं काय कळतंय, व्हय की न्हाय?

आमच्या जुन्या ट्रकाचा ईजीआर वॉल्व्ह गेलता. इंजिनाचा थोडा धूर परत आत घेणारा हा पार्ट नवा कुठंच मिळंना. आमच्या मालकांनी कोल्हापुरात शाहूपुरीतली पार्टांची दुकानं पालथी घातली, तवा कुठं इचलकरंजीच्या भंगारात एक घावला. काजळीनं बुजलेला. मी घासून घासून लख्ख केला. तेवढ्यात खंडेनवमी आली. मालकांनी पान्यांसंगं वॉल्व्हही पाटावर मांडला, हळद-कुंकू वाहिलं, वर मूठभर अक्षता. दसरा झाल्यावर तसाच ट्रकाला बसवला.

आरटीओत पासिंगला नेला, तर काळाकुट्ट धूर. ऊस वाहतूक तोंडावर आलेली आणि साहेबानं गाडी माघारी धाडली.

"डिझेलात भेसळ हाय," मालक म्हणाले.

"पंप उतरवाय पायजे," रफिक मिस्त्री म्हणाला.

"त्या वॉल्व्हात तांदूळ अडकल्यात," मी म्हणाले.

"सुमनवैनी, तुमी च्या टाका."

टाकला. दोघा हुशारांनी च्या पिऊन डिझेल बदललं, पंप उतरवला, परत चढवला. धूर तसाच. मग नाइलाजानं वॉल्व्ह खोलला. आत हळदीत चिकटलेल्या अक्षता, आणि झडप उघडीच अडकलेली.

मिस्त्रीनं मालकांकडं बघितलं. "आण्णा, एवढ्या अक्षता कशाला टाकायच्या?"

"ताट भरून हातात दिल्यावर माणूस काय करणार?"

"दिलं कुणी?"

"सुमननं."