बिनवजनाची टाकी आणि कसाऱ्याचा घाट

मंडळी, हा प्रश्न माझा नाही बरं! समोर बसल्यात ना फिर्दोस नि मृण्मयी, त्यांनी पैज लावलीये – "हिंमत असेल तर कीर्तनात विचार!" मग घ्या! परीक्षकांना कळणारच नसेल, तर खोटं इंजिन जिंकवायला हरकत काय?

हसू नका! ऐका.

आम्ही तिघींनी कॉम्प्युटरवरच्या रेल्वेच्या खेळात आपला कसारा-इगतपुरी घाट उभा केला. बोगदे, वळणं, सिग्नल – सगळं हुबेहूब! आणि त्यावर धावणार सन दोन हजार ऐंशीचं हायड्रोजनचं इंजिन! विज्ञान प्रदर्शनातल्या आमच्या फलकाचं नाव काय? 'बँकरविना घाट'! बँकर म्हणजे घाटात गाडीला मागून ढकलणारी इंजिनं, इगतपुरीकरांना काय सांगायचं! तालुक्याला पहिला नंबर आला. शुक्रवारी नाशिकला जिल्ह्याची फेरी.

मग आम्ही गेलो सोनकांबळे आजोबांकडे. बत्तीस वर्षं घाटात इंजिन चालवलेला माणूस! म्हटलं, कौतुक करतील. आजोबांनी चष्मा लावला, लॅपटॉपपुढे ताठ बसले, अन् गाडी सुरूच करेनात!

"लोड किती? मागचा बँकर कुठाय?"

"आजोबा, हे दोन हजार ऐंशीचं इंजिन आहे! बँकर नाही लागत!"

"बरं. आणि घाट कुठल्या सालचा?"

आहे उत्तर? सदतीस पावलं पुढे गेलं की एक पाऊल वर – ऐंशी साली तो चढ काय सपाट होणार?

शेवटी चालवली गाडी. सुसाट इगतपुरी! आजोबा म्हणाले, "इंधनाचा काटा हलला नाही गं. टाकीत द्रौपदीची थाळी ठेवलीय काय? आणि टाकीचं वजन?"

मृण्मयी ऐटीत – "शून्य! हायड्रोजन हलका असतो!"

"गॅसही हलकाच. जा, आत जाऊन सिलिंडर उचलून आण."

गेली बिचारी! दोन्ही हातांनी ओढत, धापा टाकत आली. आजोबांनी फक्त चहा मागवला.

मंडळी, समोर मारुतीराया उभे आहेत. त्यांनी द्रोणागिरी उचलला, तो काय डोंगराचं वजन शून्य धरून? भार खरा होता, म्हणून तर आपण हात जोडतो!

आम्ही टाकीला खरं वजन दिलं. काटा हलता केला. गाडी सोडली... पहिला बोगदा... दुसरा... तिसऱ्यापाशी गप्प! फिर्दोस रडायलाच लागली. आणि आजोबा? टाळ्या वाजवत होते!

"शाब्बास पोरींनो! आत्ता हे इंजिन झालं! हायड्रोजन येऊ दे, खुशाल येऊ दे. पण घाटाला विचारून येऊ दे. शंका आली तिथं मी गाडी थांबवलीय, लाज नाही वाटली कधी." मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "तुझा बाप बँकरवरच असतो ना गं?"

मंडळी, काय सांगू! बक्षिसासाठी मी घाटातून माझ्या बापालाच काढून टाकलं होतं!

बँकर लावला. गाडी चढली! हळू, पण चढली! मृण्मयी म्हणे, "नाशिकला जुनीच फाइल नेऊ. परीक्षकांना काय कळतंय?" कळलं ना आता, प्रश्न कुठून आला ते? अगं, परीक्षकांना नाही कळणार. पण उद्या खरोखर असं इंजिन बांधणारा आमच्या आकड्यावर विसंबला, तर त्याची गाडी तिसऱ्या बोगद्यात माणसांसकट थांबेल!

आणि तुम्ही, मागे भिंतीला टेकलेले काका-मावश्या! लग्नाच्या बायोडेटात, नातेवाइकांना सांगितलेल्या मुलांच्या मार्कांत – कोणकोणत्या टाकीचं वजन शून्य धरलंय? बघा, कशा माना खाली गेल्या!

आई, बाबा, जरा इकडे बघा. तालुक्याचं प्रशस्तिपत्र मी सकाळीच भिंतीवरून उतरवलंय. शुक्रवारी फलकावर पहिलीच ओळ असेल – 'आमचा आधीचा आकडा चुकला होता.' या दोघीसुद्धा तयार आहेत. मान हलवलीत, मी पाहिलं! नंबर येवो, न येवो. बाबा, नाशिकला आमची गाडी बँकर लावूनच घाट चढणार!