थोरल्या जावयाचे पस्तीस इंची टायर

...नाय नाय, मी जळतो असं तुम्हाला कोण म्हणलं ते आधी सांगा! आमची सरू म्हणली असंल. बायकोच ती, म्हणणारच. अहो, मी पुंजाराम, क्रांती चौकात माझं झेरॉक्सचं दुकान, गारखेड्यात घर, घरापुढं जीप... मला कुणावर जळायची काय गरज? साडूनं जीपला मोठाले टायर बसवले. बसवले तर बसवले. त्याची गाडी, त्याचे टायर, आपल्याला काय त्याचं!

पण तुम्हाला सांगतो, माणसानं थोडी तरी जनाची लाज ठेवावी का नाय? साडू म्हणजे रामकिसन, माझ्या धाकट्या मेहुणीचा नवरा. ह्याच्या लग्नात ह्याच्या मुंडावळ्या सुटल्या तेव्हा कुणी बांधल्या? मी! थोरला जावई कोण? मी! सासुरवाडीत पहिली जीप कुणी नेली? मीच की! आठ वर्षं गावात नुसता हॉर्न वाजला तरी लोक म्हणायचे, थोरले जावई आले. अन् हा पठ्ठ्या दिवाळीला आला, तर काय घेऊन? जीप! तसलीच, जुनीच, माझ्यासारखीच... पण टायर! आगागागा, टायर म्हणावं का काय म्हणावं! आमचे सासरे तात्यासाहेब, त्या माणसानं जन्मात कुणाला चांगलं म्हणलेलं मी ऐकलं नाय, ते काठी टेकत टेकत गाडीभोवती एक चक्कर मारतात अन् म्हणतात, "वा! याला म्हणायचं गाडी!"

मग आठ वर्षं मी काय घेऊन येत होतो? शेळी?

जाऊ द्या. आपल्याला काय त्याचं.

तर पुढं त्याच्या घराची वास्तुशांती निघाली. गेलो. जावं लागतं. आमची सरू ब्लाऊज शिवती, तिचा मापाचा टेप मी गुपचूप खिशात टाकलेला. सगळे जेवायला बसले अन् मी हळूच त्याच्या जीपपाशी. कुणी बघितलं तर काय सांगायचं, म्हणून बुटाची नाडी बांधायला बसल्यासारखा बसलो. पायात चपला होत्या ते मागून ध्यानात आलं! टेप लावला... तेहतीस इंच. तेहतीस! मी म्हणलं, ठीक हाय. रामकिसनचे तेहतीस ना? मग पुंजारामचे पस्तीस!

तसाच दुसऱ्या दिवशी मुकुंदवाडीला, गयासभाई मिस्त्रीकडं. चांगला माणूस, हाताला गुण हाय, फक्त बोलतो लई. मी म्हणलं, गयासभाई, पस्तीस इंची टायर चढवायचे. त्यानं हातातला पाना खाली ठेवला, माझ्याकडं बघितलं, अन् आजारी माणसाशी बोलावं तसं हळू आवाजात म्हणतो, "पुंजारामभाई, नक्को. टायर बढाए तो सारा जोर कहाँ जाता? एक्सल पे जाता. चाक घुमाने का काम वो लोहे की डंडी करती, और तुम्हारी डंडी है छोटे टायर की. बच्चे की कलाई में पहलवान का कडा डालते क्या? पहले एक्सल मोटा करो, फिर टायर."

मी म्हणलं, एक्सल कुणाला दिसतो?

"दिखने का क्या करना है? टूटेगा ना!"

"गयासभाई, तुम्ही टायर चढवा."

"अरे सुनो तो, वो रामकिसनभाई का मैंने जब..."

मी म्हणलं, बास! त्या माणसाचं नाव माझ्यासमोर काढायचं नाय! बिचाऱ्यानं हात जोडले, म्हणला, "हौ, जैसी तुम्हारी मर्जी." अन् चढवले टायर. घासायला लागले म्हणून मडगार्ड कापले. आता तुम्हीच सांगा, त्यानं ते वाक्य पुरं करायला पायजे होतं का नाय? गिऱ्हाईक वरडलं म्हणून मिस्त्रीनं गप बसावं?

ते सोडा. गाडी अशी दिसायला लागली... अशी दिसायला लागली की गारखेड्यात पोरं मागं पळायची! म्हणजे पळून पुढं बी जायची, कारण गाडी पळंना. दुसऱ्या गियरलाच दम लागायचा. अन् सरूला वर चढता येईना. "अहो, मी काय हत्तीवर बसायला चालले का? साडीत कसं चढू?" मग एक प्लॅस्टिकचं स्टूल घेतलं. गाडी थांबली की मी उतरायचं, पळत तिकडून जायचं, स्टूल मांडायचं, बाईसाहेब उतरल्या की स्टूल परत आत. देखणी गाडी म्हणलं की एवढं चालायचंच.

मग आला अधिक महिना. धोंड्याचं जेवण! दोन्ही जावयांना आवतण. अन् आमच्या सासुरवाडीत पहिला पाट थोरल्या जावयाचा, पहिलं ओवाळणं थोरल्या जावयाचं. आठ वर्षं तो पाट माझा! म्हणलं, ह्या वेळंला तात्यासाहेबांच्या तोंडून आपल्या गाडीला 'वा' आलं नाय, तर नाव पुंजाराम लावणार नाय.

गावाच्या अलीकडं एक नाला हाय. वरून चांगला पूल हाय. सरू म्हणली, "अहो, पुलावरून घ्या." बरोबर म्हणली, पण पलीकडं पारावर सगळी भावकी बसलेली, मधोमध तात्यासाहेब... अन् पस्तीस इंची टायर लावून माणसानं पुलावरून जायचं? मी घातली गाडी खाली नाल्यात! अर्ध्यापर्यंत झकास गेली. मग मागचं चाक दोन दगडांच्या मधी बसलं. मी दिला जोर. हलंना. आणखी दिला... अन् खालून आवाज आला, कडाक्!

सरू म्हणली, "काय तुटलं?"

मी म्हणलं, "दगड तुटला."

इंजिन वरडतंय, गियर पडतोय, चारी टायर जागच्या जागी, देखणे, काळेभोर... अन् गाडी इंचभर पुढं जाईना! पारावरून हसण्याचा आवाज येतोय. अन् तेवढ्यात पुलावरून कोण यावं? तोच! पुलावरून आला बरं का, साधा, सरळ, गुमान. थांबला, खाली उतरला, पॅन्ट वर करून चिखलात आला, गाडीखाली वाकून बघितलं अन् म्हणतो कसा, "दादा, एक्सल गेला. टायर वाढवायच्या आधी एक्सल नव्हता का बदलला? मी तर आधी तेच केलं. गयासभाईंनीच करून दिलं की, त्यांनी तुम्हाला सांगितलं नाय का?"

तुम्हाला सांगतो, त्या दिवशी टेप लावायला मी गुडघ्यावर बसलो होतो. गुडघ्यावर! आणखी वीतभर वाकलो असतो तर त्याचा एक्सल दिसला असता!

मग काय, दोर बांधला. पुढं तो, मागं आम्ही, अख्ख्या गावातून मिरवणूक. सासूबाई द्वारकाबाई दारात ओवाळायचं ताट घेऊन उभ्या. त्या माझ्याकडं वळणार, तेवढ्यात तात्यासाहेब म्हणले, "आधी रामकिसनरावांना ओवाळा. थोरल्यांना ओढून आणलंय त्यांनी." गेला पाट! आठ वर्षांचा पाट, एका दोरात गेला! मला खरंच रडू आलं हो. पानातलं पुरण नुसतं चिवडत बसलो. अन् हा शेजारच्या पाटावरून म्हणतो, "दादा, तूप घ्या." चांगला वागतो ना, त्याचाच जास्त राग येतो!

बरं, दुखणं तिथंच संपावं का नाय? गयासभाई म्हणला, "इस पुराने मॉडेल का एक्सल बाजार में मिलताच नहीं." मी म्हणलं, मग? "एक है. मेरे पास पडा है. रामकिसनभाई का निकाला हुआ." काय करता? बसवला. साडूनं काढून टाकलेला एक्सल बसवला! अन् त्याच्यावर मोठे टायर चालत नाय म्हणून आपले जुने, बारके टायर परत आले. ते पस्तीस इंची गच्चीवर पडले. मग रामकिसनचा फोन. "दादा, ते टायर पडूनच हायेत का? माझ्या एक्सलला चालतील म्हणतात गयासभाई." सरूनं मला न विचारता हो म्हणून टाकलं. अन् वरून ते स्टूल बी देऊन टाकलं!

काल क्रांती चौकात सिग्नलला थांबलो होतो. शेजारी येऊन कोण उभं राहिलं? तोच, माझ्या पस्तीस इंचीवर! मी मान वर करून बघितलं. वरून हात हलवून म्हणतो, "दादा, एक्सल बरा चाललाय ना?"

मी म्हणलं, "व्हय, चाललाय की."

अन् सरू माझ्या शेजारी बसून, मान वाकडी करकरून त्याच्या गाडीकडं बघत म्हणती, "काय बी म्हणा, तुमची पसंत चांगली होती हो. किती शोभतात ते टायर त्यांना!"

सिग्नल सुटला. तो गेला पुढं. मी आपला मागून निघालो, त्याच्याच एक्सलवर.

जाऊ द्या... आपल्याला काय त्याचं!