मादाम केरवेलांचं बुकिंग

"हॅलो? … नमस्कार, कावासेमी हॉटेल… हो… हो, बोला मादाम… मीच. फ्रेंच बोलणारी मीच… अहो, त्रास कसला! … फक्त एक मिनिट हं, ठेवू नका…"

फोनवर हात दाबून ग्वेनोलानं मागे वळून हाक मारली.

"सायो, बस आली बघ. पाहुण्यांच्या चपला तू मांड आणि चहाचंही तूच बघ गं… हो, तिचाच फोन."

तिचा म्हणजे आईचा. हे सायोला ठाऊक होतं, मालकीणबाईंना ठाऊक होतं, स्वयंपाकघरातल्या म्हाताऱ्या आचाऱ्यालासुद्धा ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते एकट्या आईला.

काय सांगायचं आता या कर्माला! ग्वेनोला केरवेला, पन्नाशी उलटलेली बाई, आकिताच्या डोंगरात गरम पाण्याच्या झऱ्यांपाशी या जुन्या हॉटेलात येणाऱ्या-जाणाऱ्यांचं बघायची. आणि तिकडे फ्रान्सच्या टोकाला, ब्रेतान्यात, दुआर्नने गावातून तिची आई फोन करून तिच्याकडेच खोली मागायची. कशासाठी? तर जपानात नोकरी करणाऱ्या आपल्या लेकीला भेटायला यायचंय म्हणून! पहिल्यांदा ग्वेनोला बोलून गेली होती, अगं आई, मीच बोलतेय. म्हातारी अशी बिथरली की विचारू नका. माझ्या लेकीचा आवाज मला कळत नाही होय, म्हातारीची चेष्टा करता होय, म्हणून ढसाढसा रडली. मग पुढच्या फोनला ग्वेनोलानं काय करावं? मुकाट्यानं खोली दिली.

"हां मादाम, बोला… आहे ना, तुमचं बुकिंग अगदी व्यवस्थित आहे. नदीकडची खोली… खिडकी? चांगली मोठी आहे… जिना नाही हो, खालचीच खोली दिलीये. तुमचा गुडघा लक्षात आहे माझ्या… कच्चा मासा नको, तेही लक्षात आहे… तारल्यासुद्धा नकोत! हो, हो… जन्मभर कारखान्यात बसून तारल्या डब्यांत भरल्या, आता निदान सुट्टीत तरी त्यांचं तोंड बघायला नको… सांगितलंत ना मागच्या वेळी, तेव्हाही आपण दोघी खूप हसलो होतो… 

"ऐका ना मादाम, मलाही आज तुम्हाला एक गंमत सांगायची होती… नाही, आधी तुम्ही. तुमचं महत्त्वाचं."

गंमत कसली, तिनं सकाळपासून घोकून ठेवलेलं वाक्य होतं ते. मादाम, तुम्ही कशाला एवढ्या लांब येता, तुमची लेकच येतेय तुमच्याकडे, येत्या गुरुवारी. तिकीट काढून झालं होतं. आजवर तिनं किती देशांतून आईला तेच ते सांगितलं होतं, हंगाम संपला की येते गं! कोर्सिकाच्या समुद्रकाठी होती तेव्हा उन्हाळ्याचा हंगाम, ट्युनिशियात होती तेव्हा हिवाळ्याचा, मग थायलंडची बेटं, मग लाओसच्या नदीवरच्या होड्या. हा धंदाच असा मेला, की एकीकडचा हंगाम संपायच्या आत दुसरीकडचा सुरू होतो. घरी जायची ती, नाही असं नाही. पण बॅग पुरती उघडायचीसुद्धा नाही, अशी. या वेळी मात्र मालकीणबाईच म्हणाल्या होत्या, लाल पानं बघायला येणाऱ्यांची गर्दी आम्ही बघू, तू जा बाई.

"काय म्हणालात? … रद्द? … सगळंच बुकिंग रद्द? … का हो? तब्येत बरी आहे ना? … पडलाबिडला नाहीत ना कुठे? … मग? … 

"कोण आलंय?

"…

"नाही, नाही, आहे मी. ऐकतेय… तुमची मुलगी आलीये… असं. … कधी? … काल संध्याकाळी. न कळवताच? … दारात बॅग घेऊन उभी! … वा. … नाही हो, आवाजाला काही नाही झालेलं, इथे जरा थंडी पडलीये… सांगा ना. कशी दिसते? … केस कापून आलीये. … उन्हानं रापलीये… म्हणजे तिकडूनच आली असणार, हो. … वजन वाढलंय? … अहो, वाढणारच, आता काय तरुण राहिलीये का ती! … रागावला नाहीत ना तिला? … एका शब्दानं नाही? … इतकी वर्षं आली नाही नीट, तरी? … हं. … हो, आल्यावर काय रागवायचं. खरंय."

सायोनं चहाचे पेले घेऊन जाता जाता तिच्याकडे पाहिलं आणि ती तशीच थांबली. ग्वेनोलानं हातानं खूण केली, जा, जा तू.

"फ्रिजवर? … ठाऊक आहे, ते सगळे चुंबक तिनंच पाठवलेले… दाखवलेत तिला? … उंट तिनं ओळखला नाही? … ट्युनिशियाचा तो… म्हणजे ट्युनिशियाचाच असणार, नाही का, उंट आणखी कुठला? … अहो, विसरली असेल. इतके देश हिंडलेली बाई, तिच्या काय काय लक्षात राहणार! … तुम्ही नका मनाला लावून घेऊ… हत्तीसुद्धा नाही? … राहू द्या हो. दमली असेल.

"सकाळी काय केलंत मग? … कॉफी. दोघींनी. … कशातून?"

हे विचारायला नको होतं. विचारून बसली.

त्यांच्याकडे घरोघरी वाडगे असतात, दोन बाजूंना दोन कान असलेले, आणि वाडग्यावर निळ्या रंगात पोराचं नाव. सकाळची कॉफी ज्याची त्यानं आपापल्या वाडग्यातून प्यायची. दुसऱ्याच्या वाडग्याला कुणी हात लावत नाही. ग्वेनोलाचा बाप बोटीवर होता, तो वारला, तरी त्याचा वाडगा आईनं खाली काढला नव्हता. आणि बापाच्या शेजारी, वरच्या फळीवर, तिचा.

"तिच्या वाडग्यातून. … हो. … तिच्याच, नाहीतर कुणाच्या देणार! … तो एक कान तुटलेला… 

"मला? … मला कसं ठाऊक? … तुम्हीच नाही का मागे सांगितलंत… नाही? … मग मी आपलं असंच म्हटलं हो. जुन्या वाडग्याचा एखादा कान तुटलेला असतोच की.

"हॅलो? … मादाम, का गप्प झालात? … काय आठवतंय? … सांगा ना. … सांगा, मला घाई नाही, मुळीच नाही घाई. … कान तिनंच तोडला. लहानपणी. … हो. … मांजरीला… हो, मांजरीला दूध पाजायला अंगणात नेला होता तिनं. आणि तुम्ही ओरडलात. … आणि मग? … मग तुम्हीच रडलात. … हो… हो. … काय? … माझा आवाज? … माझा आवाज ओळखीचा वाटतो? … कुणासारखा? … आठवा ना. सावकाश आठवा. … कुणासारखा, मादाम?"

तिनं दुसऱ्या हातानं टेबलाची कड घट्ट धरली होती. बाहेर पाहुणे चपला काढत होते, हसत होते, मालकीणबाई वाकून वाकून स्वागत करत होत्या. ग्वेनोलाला त्यातलं काही दिसत नव्हतं.

"…तुमच्या बहिणीसारखा.

"अच्छा. … नाही, नाही. चांगलंच आहे की. … कारखान्यात तुमच्या शेजारी बसायची का ती? … हो. … हो. 

"मादाम, एक करता? तुमच्या मुलीला जरा देता फोन? … काही नाही हो, रद्द करायचं तर घरातल्या आणखी एकाशी बोलावं लागतं, आमच्याकडे तशी पद्धत आहे. … थांबते.

"ओदिल? … अगं, रडू नकोस. … रडू नकोस म्हणते ना, ती बघेल. … ऐक ना, आधी माझं ऐक… कळलं मला सगळं. तुझी काय चूक त्यात? तू सुट्टीवरून आलीस, हातात बॅग, उन्हानं रापलेली… आता तिच्या दारात बॅग घेऊन कोण येतं? तिला दुसरं काय वाटणार? … सांगितलंस ना, मी ओदिल म्हणून, तुम्हाला सांभाळायला असते ती? … मग? … थरथरायला लागली. … हो, माझ्या वेळीही तसंच झालं होतं. … नको, पुन्हा सांगू नकोस. शपथ आहे तुला.

"वाडगा तिनं स्वतः काढला? स्टुलावर चढून? … अगं, चढू काय देतेस तिला! पडली असती म्हणजे! … तू न्हाणीत होतीस. बरं. … नाही, धुऊन वर ठेवू नकोस. … पी तू त्यातून. रोज पी. … नाही चिडले. … चिडलेय, थोडी चिडलेय, पण तुझ्यावर नाही गं बाई. … रडत नाहीये मी, इथे गर्दी आहे, मला रडता येत नाही. … खाल्लं का तिनं? … घावनं केलीस? कुट्टूच्या पिठाची? … दोन खाल्ली! लोणी लावून? … माझ्या… बघ म्हणजे. महिनोन् महिने नुसती चिवडते म्हणायचीस, आणि आज दोन. लेक आली म्हणून.

"गुरुवारी? … तिकीट आहेच. … अगं, यायचं नाही असं नाही म्हणत मी. पण येऊ कोण म्हणून? मुलगी तर आलीये घरी. … तू कुठे जाशील? … वेडी आहेस का, तू सोडून गेलीस तर तिची लेक पुन्हा गेली ना! तेवढं करू नकोस. … ती काय म्हणतेय मागून? … माझ्याशी? … दे. पटकन दे.

"हो मादाम. … झालं, रद्द झालं. … अहो, माफी कसली मागताय! मुलगी घरी आल्यावर कुणी एवढा प्रवास करतं का? … ती खोली? मिळेल हो दुसऱ्या कुणाला. … मी? … कधी फ्रान्सला आले तर? … 

"खरं सांगू, येतच आहे मी. … खरंच. येत्या गुरुवारी निघतेय. … नाही, नाही, तुमच्याकडे कशाला, उगाच तुम्हाला धावपळ… अहो, पण… बरं. … बरं बाई, उतरते तुमच्याकडे. … कुठल्या खोलीत? … मुलीच्या. … मग ती? … तिला तुमच्याजवळ घेणार झोपायला. … चालेल. … जिना चालतो मला. … खिडकी आहे? बंदराकडे? … मग झालंच तर. … काय खात नाही? … सगळं खाते हो. … तारल्यासुद्धा. … नाव?"

खोटं नाव सांगता आलं असतं. फोनवर माणूस काहीही सांगू शकतं. पण आईनं विचारलं होतं, अगदी तिनं स्वतः पाहुण्यांना विचारावं तसं नीट, आणि आईला खोटं सांगण्याचं बळ तिच्यात आता उरलं नव्हतं.

"ग्वेनोला. … हो, ग्वेनोला. … हो का? तुमच्या मुलीचंही हेच? … कमाल आहे. … छान नाव आहे. माझ्या आईनं ठेवलं. … आहे ना. … लांब असते. … नाही, पुष्कळ दिवसांत नाही झाली भेट. … हो मादाम. … हो, चुकलंच माझं. … करते. आजच करते तिला फोन. … वाट बघत असेल, खरंय. … मी आले की तुम्ही मला वाडगा कुठला… नाही, काही नाही. … कपातून? चालेल. पाहुण्यांना कपच बरा. … ठेवा आता. … हो, तुम्ही ठेवा आधी."

नोकरीच्या पहिल्याच दिवशी मालकीणबाईंनी शिकवलं होतं, पाहुण्यानं ठेवल्याशिवाय आपण फोन ठेवायचा नाही. त्यांच्या कानावर आपला खट् आवाज पडता कामा नये. आणि मादाम केरवेलांना फोन जागेवर ठेवायचं कधीच लक्षात राहत नसे. त्या तो तसाच टेबलावर टाकून निघून जात, आणि मग ओदिल येऊन ठेवेपर्यंत ग्वेनोला आपल्या घराचे आवाज ऐकत बसे. खरं सांगायचं तर सगळ्या फोनमधली तिची आवडती वेळ तीच.

आजही आईनं फोन टेबलावरच टाकला. खुर्ची सरकली. बाहेर समुद्रपक्षी ओरडत होते. वाडग्यात चमचा फिरला. आई कुणाशी तरी बोलू लागली. मघासारखी पाहुण्यांशी बोलायच्या आवाजात नाही. घरातल्या आवाजात, हट्टानं, तेच ते पुन्हा पुन्हा विचारत, आता नाही ना गं जाणार?

ग्वेनोलानं फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला. सायो येऊन तिच्या पाठीशी उभी राहिली, तेव्हा ती इकडूनच आईला उत्तरं देत होती.

"…नाही. … नाही गं, नाही जात आता. … खरंच नाही. … संपला हंगाम. … कुठेच जात नाही…"

तिकडे ओदिल आली असावी, खट् करून फोन जागेवर गेला.

"हॅलो? … हॅलो? … आई?"